यादवीचा आरंभ कोणी पाहिला?

दिवाळीच्या अंकात युद्धावर काय लिहावयाचे, असा प्रश्न संपादकांनी केला नाही; तो आमच्या घरातूनच आला. फराळाच्या ताटाशेजारी तोफा कशाला, असे घरच्या मंडळींचे म्हणणे. मी उत्तर न देता अंगणाकडे बोट दाखविले. तेथे आमचा नातू आणि त्याचे दोन सवंगडी किल्ला रचीत होते. दगडविटांवर चिखल थापून झाला होता, अळीव पेरले होते, आणि मातीचे मावळे अजून वर्तमानपत्राच्या कागदातच असले तरी महाराज मात्र सिंहासनावर येऊन बसले होते. मी विचारले, "काय रे, शत्रू कोठून येणार?" तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, कुठूनही येऊ दे. हरणारच आहे."

नातवाच्या या उत्तराने मी काही वेळ थबकलो, कारण गेले वर्षभर जी पुस्तके मी वाचीत होतो त्यांतील कितीतरी याच एका वाक्याचा विस्तार होती. ती पुस्तके अमेरिकेतील यादवी युद्धावरची. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत त्या देशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांनी एकमेकांचा जो संहार केला त्यात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. या युद्धावर इतके लिहिले गेले आहे की सारे वाचतो म्हणणाऱ्याने दुसरा जन्म मागून घ्यावा. मी त्यातले पहिले वर्षच निवडले: एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६२. शेवट सर्वांना ठाऊक असतो. आरंभ कोणी कसा सांगितला, यात लेखकाची खरी परीक्षा आहे असे मला वाटते.

'यादवी' हा आपला शब्दच पाहा ना. प्रभासक्षेत्री यादव जमलेले, मद्य प्यालेले. सात्यकी कृतवर्म्याला झोपलेल्यांना मारल्याबद्दल हिणवतो. कृतवर्मा उलट भूरिश्रव्याची आठवण काढतो. कुरुक्षेत्राला छत्तीस वर्षे झालेली, पण उणी निघतात ती तेथलीच. शब्दाने शब्द वाढतो आणि मग हाताला येईल त्या एरका गवताचे मुसळ होते. व्यासांना शाप ठाऊक आहे, ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण त्या क्षणी भांडणाऱ्यांना तो आठवत नाही, आणि व्यास त्यांना तो आठवू देत नाहीत. आपण सर्वनाशाच्या काठावर उभे आहोत हे त्यांच्या गावीही नसते. माझी कसोटी हीच आहे. आरंभ सांगणाऱ्याने पात्रांचे अज्ञान त्यांच्यापाशी राहू द्यावे.

अमेरिकेतील आरंभ तर फारच फसवा होता. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. किल्लेदार मेजर अँडरसन. त्याच्यावर तोफा डागणारा सेनापती बोरिगार्ड हा लष्करी विद्यालयात त्याच अँडरसनपाशी तोफखान्याची विद्या शिकलेला. (आपल्याला द्रोणार्जुन आठवावेत.) सुमारे चौतीस तास मारगिरी चालली आणि तीत एकही मनुष्य मेला नाही! शरणागतीनंतर निशाण उतरविताना सलामीच्या तोफेशी स्फोट झाला, त्यात पहिला शिपाई मेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष लिंकन यांनी पंचाहत्तर हजार स्वयंसैनिक मागविले, ते अवघ्या तीन महिन्यांच्या बोलीने. त्यांची खडी फौज सोळा हजारांच्या आसपास, तीही बहुतेक पश्चिमेच्या दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेली. तीन महिन्यांत सारे आटपेल, असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

मागाहून लिहिणाऱ्यांना हे अज्ञान सोसत नाही. ते आरंभाला लगेच नेटकेपणा आणतात. विल्मर मक्लीन या गृहस्थाचीच गोष्ट घ्या. पहिली मोठी लढाई त्याच्या शेताच्या आसपास झाली. कटकट नको म्हणून तो बिऱ्हाड घेऊन दूर खेड्यात गेला. आणि १८६५ साली जनरल ली शरण आला तो त्या खेड्यातील मक्लीनच्याच दिवाणखान्यात. गोष्ट खरी आहे. पण जो तो ग्रंथकार ती अशा थाटाने सांगतो की चार वर्षांचे युद्ध म्हणजे एका माणसाच्या दोन घरांमधला रस्ता वाटू लागावा. 'दगडी भिंत' ही जनरल जॅक्सनची पदवीही तशीच. बुल रनच्या रणात जनरल बी याने त्याच्याकडे बोट दाखवून ती उपमा दिली म्हणतात. कौतुकाने दिली, की आम्ही मरत असता हा भिंतीसारखा जागचा हलत नाही या संतापाने दिली, यावर वाद आहे. बी त्याच लढाईत जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारला, विचारावयाचे कोणाला? चरित्रकारांनी आपल्या सोयीने कौतुक तेवढे ठेवून घेतले.

अशा वाचनात मला विल्यम हॉवर्ड रसेल भेटला आणि जीव सुखावला. लंडनच्या 'टाइम्स'चा हा बातमीदार आपल्याला परका नाही. १८५८ साली लखनौ पडले तेव्हा तो कॉलिन कँबेलच्या छावणीत होता, आणि आपल्याच लोकांनी केलेल्या क्रौर्याबद्दल त्याने उघड लिहिले. त्याच सुमारास झाशीच्या वेढ्यात आपले विष्णुभट गोडसे अडकले होते. दक्षिणा मिळवावयास निघालेला हा वरसईचा भिक्षुक ब्राह्मण बंडात सापडला आणि पुढे 'माझा प्रवास' लिहून गेला. दोघांची गाठ पडली नाही. परंतु दोघांच्या लेखणीत एक गुण समान आहे: आपण कोठे उभे होतो आणि तेथून काय दिसत नव्हते, हे ते लपवीत नाहीत.

हाच रसेल १८६१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला उतरला, लिंकनना भेटला, दक्षिणेत हिंडून आला, आणि २१ जुलै रोजी बुल रनची लढाई पाहावयास भाड्याच्या गाडीतून निघाला. बुल रन हा वॉशिंग्टनपासून पंचवीस मैलांच्या आसपासचा एक ओढा. राजधानीतील पुष्कळ बडी मंडळी, कायदेमंडळाचे सभासद, बायका, त्या दिवशी फराळाच्या टोपल्या बांधून लढाई पाहण्यास गेली होती. एक बाई दुर्बीण डोळ्याला लावून तोफांच्या प्रत्येक आवाजाला कशी मोहरून जात होती आणि उद्या आपण शत्रूच्या राजधानीत असू असे कशी सांगत होती, हे रसेल टिपून ठेवतो. तेवढ्यात एक अधिकारी घोडा उडवीत येतो आणि आपला जय झाल्याचे ओरडून सांगतो. टाळ्या, जयघोष. रसेल पुढे जातो, तो समोरून गाड्या, घोडे आणि पायउतार शिपाई यांचा लोंढा. का पळता म्हणून तो विचारतो. कोणालाच धड सांगता येत नाही. प्रत्यक्ष लढाई त्याला दिसलीच नाही, आणि त्याने तसे स्वच्छ सांगितले. रात्री तो वॉशिंग्टनला परतला. सकाळी खिडकीतून पाहतो तो पावसात भिजलेले, रांगा मोडलेले शिपाई रस्त्याने चाललेले.

लढाईचे लष्करी मर्म त्याला दिसले नाही हे खरे. दक्षिणेचे सैन्य शेनांडो खोऱ्यातून आगगाडीने आणून ऐन वेळी रणात उतरविले गेले, युद्धाच्या इतिहासात हे जवळजवळ नवे होते. दोन्हीकडचे गणवेश इतके सरमिसळ होते की निळ्या कपड्यांतील एका दक्षिणी पलटणीला उत्तरेच्या तोफखान्याने आपली समजून जवळ येऊ दिले आणि तोफा गमावल्या. टेकडीवरच्या एका घरात ऐंशी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली ज्युडिथ हेन्री नावाची विधवा तोफेच्या गोळ्याने मेली. यांतले काहीही रसेलपाशी नाही. पण त्या दिवशी एका राष्ट्राच्या भ्रमाचा भोपळा कसा फुटला, हे त्याच्या इतके कोणी सांगितले नाही. त्याचे बक्षीस काय मिळाले? वृत्तांत छापलेले अंक अमेरिकेत परत येताच त्याला 'बुल रन रसेल' म्हणून हिणविण्यात आले, आणि पुढच्या वसंतात सैन्याबरोबर जाण्याची परवानगी नाकारली गेली. तो मायदेशी निघून गेला. १८६३ च्या त्याच्या रोजनिशीत हे सारे आहे.

रोजनिशी म्हटली की सगळे मेरी चेस्नटचे नाव घेतात. ती दक्षिणेच्या एका बड्या जमीनदाराची पत्नी. सम्टरच्या किल्लेदाराला निर्वाणीचा निरोप नेणाऱ्यांत तिचा नवरा होता. तोफांचा आवाज झाला तशी ती अंथरुणातून उठली, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग गच्चीवर गेली. तिचे लेखन विलक्षण जिवंत आहे. तिच्यासारखी बोलकी, तिखट बाई शेजारी असावी असे वाटते. निदान चहाच्या वेळेपुरती. १९०५ साली तिची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि पाऊणशे वर्षे लोक ती रोजच्या रोज लिहिलेली म्हणून वाचीत राहिले. १९८१ साली व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराची साक्षेपी आवृत्ती निघाली, तेव्हा सर्वांना नीट उमगले की त्यातला बराच भाग तिने १८८० नंतर, पराभवाची धूळ खाली बसल्यावर, मूळ वह्यांवरून पुन्हा रचला आहे. पहिल्या दिवसाची तिची हुरहुर वाचताना आता मनात येते, बाई, ही हुरहुर त्या रात्रीची की वीस वर्षांनंतरची? मी तिला खोटे म्हणत नाही. पण किल्ल्यावर महाराज आधी बसवून मग तिने लढाई मांडली आहे.

याच्या अगदी उलट प्रकार दोन पुरुषांनी केला, आणि तोही त्या वीस-पंचवीस वर्षांनंतर. त्यातला एक यूलिसिस ग्रँट. युद्ध सुरू झाले तेव्हा हा सैन्य सोडलेला गृहस्थ बापाच्या चामड्याच्या दुकानात काम करीत होता. जूनमध्ये त्याला एक पलटण मिळाली आणि जुलैमध्ये मिसूरी प्रांतात हॅरिस नावाच्या शत्रूपक्षीय कर्नलवर चालून जाण्याचा हुकूम झाला. ग्रँटने मेक्सिकोचे युद्ध पाहिलेले होते. पण तेव्हा हुकूम दुसऱ्याचा असे. आता टेकडी चढताना त्याचे काळीज वर वर सरकून गळ्याशी आले. परत फिरावे असे फार वाटले, पण थांबा म्हणण्याचेही धैर्य होईना, म्हणून तो पुढे गेला. टेकडीच्या माथ्यावरून पाहतो तो खाली छावणीच्या नुसत्या खुणा. हॅरिस केव्हाच निघून गेलेला. तेव्हा ग्रँटच्या ध्यानात आले की जितके भय मला त्याचे होते तितकेच त्याला माझे होते. पुढे सर्वोच्च सेनापती आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस आपल्या पहिल्या मोहिमेची एवढीच हकीकत सांगतो.

मौज पुढेच आहे. हॅरिसची ही छावणी होती फ्लॉरिडा नावाच्या खेड्याजवळ. आणि त्या खेड्यात मार्क ट्वेन जन्मला. तोही १८६१ च्या उन्हाळ्यात दोन आठवडे त्याच मुलखात याच हॅरिसच्या हाताखालचा हौशी शिपाई होता! पंधरा पोरे, काही घोडी आणि खेचरे, मुक्काम उंदरांनी भरलेल्या मक्याच्या कोठारात, आणि शत्रू येतो असे कळले की माघार. हॅरिस वाटेत भेटून परत चला म्हणतो. पोरे म्हणतात, एक कर्नल पलटण घेऊन येतो आहे, आम्ही चाललो. तो कर्नल ग्रँटच, असे ट्वेन ठोकून देतो. दोघांच्या तारखा नीट जुळत नाहीत. आणि पोरांनी अंधारात एका अनोळखी वाटसरूला गोळी घातल्याचा जो प्रसंग त्याने मध्ये घातला आहे तो अभ्यासकांना कल्पित वाटतो. मलाही वाटतो. पण हसत हसत वाचणाऱ्याचा घास त्या प्रसंगी घशात अडकतो, हेही तितकेच खरे. ट्वेनचा हा लेख मासिकात आला डिसेंबर १८८५ मध्ये. त्याच महिन्यात ग्रँटच्या आत्मवृत्ताचा पहिला खंड निघाला, आणि तो काढणारी प्रकाशनसंस्था होती ट्वेनची. टेकडीच्या अलीकडचे भय आणि पलीकडचे भय एकाच वेळी बाजारात आले, आणि एकाच्या पुस्तकाचा धनी दुसरा!

ग्रँटने हे लिहिले कोणत्या अवस्थेत? भागीदाराच्या लबाडीने १८८४ साली दिवाळे निघालेले, घशात कर्करोग. बायकोपोरांसाठी चार पैसे राहावेत म्हणून तो लिहीत होता. ग्रंथ हातावेगळा केला आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, तो गेला. मरणाच्या दारातील माणसाला ऐट मिरविण्यात गोडी राहिली नसावी. शायलोच्या लढाईच्या रात्रीचे त्याचे वर्णन वाचावे. ६ एप्रिल १८६२: नदीकाठी मुसळधार पाऊस, घोड्यावरून पडल्याने सुजलेला घोटा, आणि सेनापती झाडाखाली. निवाऱ्यासाठी तो एका लाकडी घरात गेला; तेथे जखमींचे हातपाय कापण्याचे काम चालले होते. ते पाहवेना म्हणून तो पुन्हा पावसात झाडाखाली येऊन बसला. दोन दिवसांत दोन्हीकडचे तेवीस हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. बुल रनला हा आकडा पाच हजारांच्याही खाली होता आणि तेवढ्याने देश हादरला होता. एका मोठ्या विजयाने हे बंड मोडेल असे आपल्याला शायलोपर्यंत वाटत होते, मग ती आशा सोडली, असे ग्रँट कबूल करतो. या कबुलीत पहिले वर्ष संपते.

पण हाच ग्रँट शायलोला आपण बेसावध सापडलो नव्हतो असे पानेच्या पाने सिद्ध करीत बसतो. खंदक खणलेले नव्हते, शत्रू छावणीवर येऊन आदळला, हे सर्वज्ञात असता! हॅरिसच्या गोष्टीत ज्याला लाज वाटली नाही त्याला येथे वाटली. हरलेल्या भीतीची गोष्ट सांगणे सोपे असते. जिच्यामुळे माणसे मेली ती चूक सांगणे मरणाऱ्यालाही जड जाते. त्याचा ग्रंथ मला थोर वाटतो, पण या प्रकरणाला मी गुण देणार नाही.

स्टीफन क्रेन या तरुणाचे नाव कादंबरीवाचकांच्या ओठांवर आलेच असेल. युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मलेल्या या लेखकाने १८९५ साली 'द रेड बॅज ऑफ करेज' प्रसिद्ध केली; तोवर त्याने एकही रण पाहिले नव्हते. त्याने लढाईचे नावसुद्धा दिले नाही. ती १८६३ ची असावी, म्हणजे माझ्या हद्दीबाहेरची. तरी सांगतो, पळून जाणाऱ्या कोवळ्या शिपायाचे मन त्याच्याइतके मागाहून आठवणी लिहिणाऱ्या शेकडो सेनानींना दाखविता आले नाही.

येथवर लिहून मी लेख संपविणार होतो. ज्याने आपले अज्ञान राखले तो खरा लेखक, असा माझा निकाल तयार होता. पण चेस्नटबाईंचे एक निरीक्षण मला स्वस्थ बसू देईना. तोफा धडधडत असताना घरातील काळ्या नोकरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, असे तिने लिहिले आहे. ही माणसे मठ्ठ आहेत की आमच्याहून शहाणी, असा प्रश्न तिला पडतो. ते कोणत्याही वर्षी लिहिलेले असो, त्या घरात घडी भरत आल्याचे कोणाला कळले होते, याची ती साक्ष आहे.

२३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाने फुटून निघण्यावर मतदानाने शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम होडीतून पाणी ओलांडून मन्रो किल्ल्यावर आले. त्यांच्या मालकाने त्यांना दक्षिणेच्या तोफांचे मोर्चे बांधण्याच्या कामाला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन मालकाचा माणूस आला: कायद्याप्रमाणे आमची मालमत्ता परत करा. किल्ल्याचा अधिकारी जनरल बटलर हा मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्ही स्वतःला परके राष्ट्र म्हणविता, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला? शिवाय शत्रूच्या युद्धकामाची मालमत्ता जप्त करता येते. माणसाला मालमत्ता मानूनच त्याने ती तिघे ठेवून घेतली! पण बातमी पसरली. बायकामुले घेऊन लोक येऊ लागले. जुलैअखेर त्या किल्ल्याच्या आश्रयाला नऊशेच्या आसपास माणसे होती. ६ ऑगस्टला कायदेमंडळाला तसा कायदा करावा लागला. लिंकनची मुक्तीची घोषणा यायला १ जानेवारी १८६३ उजाडला.

(ज्या भूशिरावर हा किल्ला आहे तेथेच १६१९ साली इंग्रजांच्या त्या वसाहतीत पहिले आफ्रिकी लोक उतरविले गेले. असल्या योगायोगांवर मी वर टीका केली आहे, हे मला आठवते. तरी हा सांगितल्यावाचून राहवले नाही.)

आता माझ्या कसोटीचे काय करावयाचे? रसेलला लढाई दिसली नाही, ग्रँटला शत्रू दिसला नाही, लिंकनना तीन महिन्यांपलीकडचे दिसले नाही. या तिघांना मात्र, तोफ सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, हे युद्ध कशासाठी आहे ते कळले होते. राष्ट्राध्यक्ष तसे म्हणावयास तयार नव्हते तेव्हा. अज्ञान हा सर्वांच्याच वाट्याला आलेला गुण नव्हता. गुलामांच्या शाळा भरविणे व्हर्जिनियात गुन्हा होता, त्यामुळे या तिघांच्या हातचे पुस्तक माझ्या कपाटात नाही. त्या रात्री वल्ही मारताना काळीज गळ्याशी आले होते काय, टेकडीवर ग्रँटचे आले तसे? ते लिहिणारा कोणी क्रेन मला अजून भेटावयाचा आहे.

बारा वर्षांनी, १८७३ साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. मुंबईच्या पेढ्यांनी या युद्धाचा हिशेब कापसाच्या भावात ठेवला होता, आणि १८६५ साली तो भाव कोसळताच कित्येकांची दिवाळी अंधारात गेली. जोतीरावांनी हिशेब निराळा मांडला. सेनापतींची नावे त्या अर्पणपत्रिकेत नाहीत.

हे लिहीत असताना नातू आत आला. मावळे कागदातून काढून झाले होते, त्यांतील एकाचे नाव काय ठेवू म्हणून तो विचारीत होता. किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या थाळीजवळ त्याने त्याला उभे केले आहे. हातात तलवार नाही, ती वाटेत मोडली.